झिम्बूची आई कुठे गेली?

"मधलं कापू नगंस गं अव्वा. पोरं इचारतील," असं शिवबाईंनी चेतनाला बजावलं होतं.

"हल्लीची मुलं विचारत नाहीत हो आजी, नुसती बघतात," असं म्हणून चेतनाने तो विषय आणि शिवबाईंचा रिकामा कप एकाच फेरीत आत नेऊन ठेवला.

आता चेतनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. ती एम.एस्सी. आहे, तेही मायक्रोबायॉलॉजीत. म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही त्याची काळजी करण्याचं तिने रीतसर शिक्षण घेतलेलं आहे. शिवबाई तळमजल्यावर राहणाऱ्या, अक्कलकोटकडच्या, गुडघ्यांनी अधू, आणि गेली कित्येक वर्षं एकच मालिका बघणाऱ्या. त्या मालिकेतली सून अजून पहिल्याच बाळंतपणात आहे. अशा बाईने चित्रपटाच्या संकलनावर मत द्यावं आणि उच्चशिक्षित माणसाने ते ऐकून घ्यावं, इतके वाईट दिवस अजून सोलापुरावर आलेले नाहीत, असं चेतनाला वाटलं.

ते आले, पण नंतर.

प्रकरण होतं ओवीच्या सातव्या वाढदिवसाचं. नवी पेठेतल्या गजबजाटातून ही मंडळी थंडीत या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आली, आणि तेव्हापासून ओवी इथल्या एकाही मुलाशी बोलली नव्हती. घरात तिची टकळी अशी चालायची की कुकरच्या शिट्ट्या मोजता येऊ नयेत. पण दाराचा उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. संध्याकाळी मुलं खाली खेळत असली की ही गॅलरीत ग्रिलला नाक लावून उभी. ओवी मुलांना बघायची, चेतना पडद्याआडून ओवीला बघायची आणि अनीश, म्हणजे ओवीचा बाबा, सोफ्यावर मोबाइल बघायचा. सगळं घरच प्रेक्षकांचं.

त्यात अलीकडे ओवी गॅलरीत उभी राहून मधूनमधून "हूं... हूं..." करू लागली होती. समोर कोणी नाही, आणि ही आपली "हूं." चेतनाने इंटरनेटवर ते लक्षण शोधलं. इंटरनेटने नेहमीप्रमाणे तीन असाध्य रोग आणि एक जाहिरात दाखवली. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

तेव्हा तिने एक ध्येय ठरवलं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ओवीला बिल्डिंगमध्ये एक मैत्रीण मिळाली पाहिजे. एकच. दोन झाल्या की भांडणं होतात असं तिने वाचलं होतं.

उपाय सुचला तोही साधा. वाढदिवसाला सगळ्या मुलांना सोसायटीच्या हॉलमध्ये बोलवायचं आणि मोठ्या पडद्यावर एखादा सुंदर कार्टूनचा साहसपट दाखवायचा. बोलायची गरज नाही, अंधारात शेजारी बसायचं, आणि उजेड झाला की मैत्री झालेली असेल. योजनेत खोट काढायला जागा नव्हती. चित्रपट तेवढा निवडायचा होता.

त्यासाठी चेतना दुपारच्या दुपार साहसपट बघत बसली, हातात वही नाही पण चेहरा परीक्षकाचा. आणि तिच्या असं लक्षात आलं की या चित्रपटवाल्यांचं आयांशी काहीतरी जुनं वैर आहे. पहिल्या दहा मिनिटांत आईला संपवल्याशिवाय यांच्या पोरांना साहसच सुचत नाही. एका चित्रपटात आई वादळात गेली, एकात तिला माशाने गिळलं, एकात तिचा दगड झाला. जिथे आई चुकून जिवंत राहिली होती तिथे पोरगं तिला न सांगता घरातून निघून गेलं, तेही अनोळखी माणसाबरोबर आणि स्वेटर न घालता. एका नायिकेने तर जंगलातल्या डबक्यातलं पाणी ओंजळीने प्यायलं. चेतनाने तो चित्रपट तिथेच बंद केला. पुढे तिला खजिना सापडतो म्हणे. खजिन्याआधी कावीळ कशी सापडली नाही, हा प्रश्नच आहे.

झिम्बू सापडला तो अनीशला. अनीश बँकेत असतो, पण मनाने तो कॅमेरामन आहे. चित्रपट बघताना तो सारखा थांबवतो आणि जवळ जाऊन बोट लावतो.

"हे बघ, पाणी बघ! खोटं आहे हे पाणी, कळतंय का तुला?"

"आणि हे कोण?"

"हा झिम्बू. डोंगरातल्या शेळीचं पिल्लू. याच्या अंगावरचा केस न् केस वेगळा हलतो. तीनशे माणसं चार वर्षं बसली होती यासाठी."

"काय करत?"

"केस हलवत."

"आणि गोष्ट काय आहे?"

"गोष्ट काय, कुठेही मिळते गं! असा बर्फ मिळतो का कुठे?"

तेवढ्यात शिवबाई वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून पाच मिनिटं ते हिमशिखर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बर्फ काय, फ्रिजातबी हाय की."

पण चित्रपट खरोखर निर्धोक होता. खलनायक नाही, रक्त नाही, मारामारी नाही. झिम्बू आईबरोबर डोंगरात राहतो. एक दिवस धुकं येतं, आई धुक्यात दिसेनाशी होते. मग झिम्बू अख्खे डोंगर पालथे घालतो आणि शेवटी ती सापडते. सगळं गोड. अडचण फक्त त्या धुक्याच्या चार मिनिटांची होती. ती चार मिनिटं चेतनानेच बोटांच्या फटीतून पाहिली. ओवीचं काय होईल? आधीच ती "हूं" करते.

"एवढाच तुकडा काढता येईल?" तिने विचारलं.

"बर्फाला धक्का लागणार नाही ना?" अनीशने विचारलं.

लागणार नव्हता. अपेंडिक्स काढतात तसं काढू, असं ठरलं. ते काढलं तरी माणूस चालतो. अनीशने दोन रात्री मोबाइलवर खपून तो तुकडा असा काढला आणि टोकं अशी जोडली की त्याला स्वतःलाच भरून आलं. शिवबाईंचा तो इशारा याच वेळचा. बाकी कप आत गेल्याचं वर आलंच आहे.

मग हॉल. सोसायटीचे सेक्रेटरी नंदूकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खात्याने त्यांना सोडलं, त्यांनी खात्याला सोडलेलं नाही. चेतनाने "वाढदिवसानिमित्त हॉल मिळणेबाबत" अर्ज दिला, तो हसतमुखाने मंजूर झाला. पण खिडक्या झाकणार हे कळताच काकांनी चष्मा काढला.

"म्हणजे हॉलमध्ये अंधार करणार तुम्ही?"

"हो काका, दुपारची वेळ आहे ना. पडद्यावर दिसायला नको?"

"वहिनी, नियमावलीत हॉलच्या प्रकाशव्यवस्थेची तरतूद आहे. अंधारव्यवस्थेची नाही."

"मग काय करायचं?"

"संध्याकाळी ठेवा. अंधार आपोआप होतो. त्याला मंजुरी लागत नाही."

हा सल्ला फुकट होता आणि बरोबर होता. पण संध्याकाळी डास असतात, आणि डासांबद्दल चेतनाला जे माहीत आहे ते नंदूकाकांना माहीत नाही. तिने दुसरा अर्ज लिहिला: "सोसायटीच्या हॉलमध्ये तात्पुरत्या स्वरूपात अंधार करणेबाबत." काकांनी तो वाचला, "दुपारी" या शब्दाखाली रेघ मारली आणि खाली अट घातली की कार्यक्रम संपताच अर्जदाराने अंधार स्वखर्चाने काढून घ्यावा. चेतनाने सही केली. मायक्रोबायॉलॉजीत प्रथम श्रेणी मिळवून तिने आयुष्यात बऱ्याच ठिकाणी सह्या केल्या होत्या, पण अंधाराची जबाबदारी पहिल्यांदाच घेतली.

अंधार कशाने करायचा, हा प्रश्न सोलापुरात पडतच नाही. शिवबाईंचे चिरंजीव मडिवाळप्पा यांचं नवी पेठेत चादरींचं दुकान आहे. ते गठ्ठाच घेऊन आले.

"वहिनी, आपल्या गावात चादरीला काय कमी हाय का? ह्यातनं सूर्य काय, सूर्याचा बाप आत येणार न्हाय."

"पण काका, उलट्या लावा हं. मुलांकडे साधी बाजू येऊ दे, लक्ष पडद्यावर राहील."

"छ्या! सुलटी बाजू आत. वाढदिवस हाय की. माल दिसला पाहिजे."

त्यांनी त्या चादरी ग्रिलला अशा गाठी मारून बांधल्या की जणू ट्रकने हैदराबादला पाठवायच्या आहेत. हॉलभर मोर, हत्ती आणि गोपुरं लागली. पडद्यासाठी त्यांनी शुभ्र पांढरी चादर दिली. तिला अनीशने स्वतःच्या हाताने इस्त्री केली. लग्नानंतर त्याने इस्त्री हातात धरलेली चेतनाने तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि ती स्वतःच्या शर्टासाठीही नव्हती, झिम्बूच्या केसांसाठी होती.

वाढदिवस उजाडला तो सोलापूरच्या मे महिन्यातला. बाहेर डांबर मऊ झालेलं. हॉलमध्ये सगळ्या खिडक्या चादरींनी बुजवल्यामुळे कूलरचीही खिडकी बुजली, आणि तो बिचारा हॉलचीच हवा आत ओढून, जराशी ओली करून, पुन्हा हॉललाच देऊ लागला. पडद्यावर बर्फ पडत होता आणि खाली मुलं उकडत होती. चेतनाने प्रत्येकाला कागदी कपात काकडीचे काप आणि भाजलेले मखाणे दिले होते. शिवबाईंनी पदराआडून शेंगापोळ्या वाटल्या. मखाण्यांचे कप दुसऱ्या दिवशी खुर्च्यांखाली सापडले, जसेच्या तसे.

ओवी नवा फ्रॉक घालून पुढच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या शेजारी शिवबाईंचा नातू, नाव बसू. त्याच्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावरची सिद्धेश्वरी, जिला चेतनाने मनातल्या मनात मैत्रीण म्हणून नेमून टाकलं होतं. तिघांमध्ये एक हाताचं अंतर. चेतना ते अंतर मागून डोळ्यांनी मोजत होती. ते कमी होत नव्हतं.

चित्रपट सुरू झाला आणि हॉलमधून "आहाहा!" असा आवाज आला. तो मोठ्यांचा होता. मुलांबरोबर आयाही आल्या होत्या, काही बाबाही. "अगं, काय तो निळा! या रंगाची पैठणी मिळाली पाहिजे," असं कोणीतरी म्हणालं. मडिवाळप्पांनी सूर्योदयाचा फोटो काढून घेतला, चादरीच्या किनारीला हा रंग कसा दिसेल ते बघायला. अनीश प्रोजेक्टरशेजारी असा उभा होता की हिमालय त्यानेच आणून ठेवलाय.

झिम्बू आणि त्याची आई झऱ्यावर पाणी पीत होती. थेंब उडत होते, थेंबाथेंबात सूर्य होता. आणि पुढच्याच क्षणी झिम्बू एका कड्यावर एकटा उभा राहून "बें बें" करत होता. अनीशची शिवण अजिबात दिसली नाही. फक्त आई दिसत नव्हती.

"ए," बसू म्हणाला, "त्याची आई कुठं गेली?"

"येईल रे मागनं," कोणीतरी म्हणालं.

सगळे वाट बघू लागले. एक धबधबा गेला, एक दरी फुलांनी भरून गेली, आकाशात हिरव्या उजेडाच्या पताका हलल्या. आई आली नाही.

"आई कुठंय त्याची?"

"मेली काय?" सिद्धेश्वरीने स्पष्ट विचारलं.

त्याबरोबर एक लहान मूल "मला आई पाहिजे" म्हणून रडायला लागलं. ते आईच्या मांडीवरच बसलेलं होतं. मग आयांनी चर्चा हातात घेतली.

"माहेरी गेली असेल. मे महिना आहे."

"सांगून तरी जायचं लेकराला!"

"अहो, सांगायला सासरी कोण ऐकून घेतंय?"

नंदूकाका उठून उभे राहिले. "एखादं पात्र कमी होतं तेव्हा कारण नमूद करावं लागतं. इथे कारण कुठे आहे?"

"अहो, आईचं सोडा हो," अनीश कळवळून ओरडला, "मागचा धबधबा बघा!"

चेतना या सगळ्यात दाराशी उभी होती. काखेत कात्री लपवल्यासारखा चेहरा करून. अंधारातही तिला कळलं की शिवबाई तिच्याकडे बघतायत.

आणि मग जिन्यातून ती हाक आली, जी ऐकून सोलापूरचा माणूस पंगतीतूनही उठतो. "पाणी आलं ओऽऽ!"

पाण्याचा दिवस उद्या होता. ते आजच आलं होतं. क्षणात हॉल मोठ्या माणसांपासून मोकळा झाला. पैठणी, किनार, सासर, माहेर, सगळं जागच्या जागी टाकून बिल्डिंग आपापल्या बादल्यांकडे धावली. नंदूकाका मीटरच्या खोलीची किल्ली कमरेला घेऊन टाकी बघायला गच्चीवर गेले. मग प्रत्येक घरात एकदमच मोटार सुरू झाली. त्यात हॉलचा कूलर, अनीशचा प्रोजेक्टर आणि त्याचे दोन भोंगे. खालून "खट्" असा आवाज आला, आणि झिम्बू, हिमशिखरं आणि त्या तीनशे माणसांची चार वर्षं एका फटक्यात विझली.

असा अंधार पडला की काय सांगावं! अर्जात मागितला होता त्यापेक्षा जास्तच मिळाला.

अनीश किल्लीसाठी गच्चीकडे पळाला. चेतनाने एका चादरीची गाठ सोडून पाहिली. ती हैदराबादेतच सुटली असती. शेवटी तिने दार सताड उघडलं, तेव्हा उजेडाची एक चिंधी आत आली. आत घामेजलेली मुलं, गुडघ्यांमुळे उठता न आलेल्या शिवबाई, आणि प्रश्न.

"काकू, त्याची आई कुठं गेली?"

"ती ना," चेतना म्हणाली, "ती जरा बाहेर गेली."

"बाहेर म्हणजे? ते बाहेरच राहतात की."

"म्हणजे... कामाला गेली."

"शेळी कामाला जाते?"

"त्याच्यासाठी स्वेटर आणायला गेली, असं समजा."

"त्याच्या अंगावर लोकर हाय की!" बसू म्हणाला, आणि सगळी पोरं खदाखदा हसली. चेतनाला आठवलं, पदवीच्या परीक्षेत बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेला तिची पाठ थोपटली होती. इथे एका शेळीवर ती नापास होत होती. खरं उत्तर चार शब्दांचं होतं, पण "हरवली" हा शब्द ओवीसमोर तिच्या तोंडातून फुटेना.

"ती पडली."

हे पुढच्या कोपऱ्यातून आलं. आवाज कोणाचा, ते चेतनाला पटकन ओळखता आलं नाही. घराबाहेर तो तिने कधी ऐकलाच नव्हता.

"कुठं पडली?" बसूने विचारलं.

"दरीत," ओवी म्हणाली.

"ओवी, बाळा, तसं काही..." चेतना पुढे झाली, तर शिवबाईंनी तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"गप उभी राहा जरा. आनि पोरांनो, हूं म्हणा रे. हूं म्हनल्याबगर गोष्ट पुढं सरकत न्हाय, ठाव हाय न्हवं?"

"हूं!" सगळी पोरं म्हणाली. त्यांना ठाऊक होतं. रोज संध्याकाळी पायरीवर शिवबाई गोष्ट सांगायच्या आणि ही सगळी हुंकार द्यायची. आणि वर गॅलरीत, ग्रिलला नाक लावून, आणखी एक जण द्यायची. चेतनाने त्याच्यावर डॉक्टर शोधून ठेवला होता.

"ती आई ना, खूप चांगली होती," ओवीने सुरुवात केली.

"हूं!"

"पण तिला सारखी भीती वाटायची. ती झिम्बूला म्हणायची, पळू नको, पडशील. झऱ्याचं पाणी पिऊ नको, उकळलेलं नाहीये."

"हूं!"

"झिम्बू तिच्या मागून चालायचा. म्हणून ती सारखी मागे वळून बघायची. येतोय ना, येतोय ना. सारखी, सारखी. पुढे तिचं लक्षच नसायचं."

"हूं."

"आणि पुढे दरी होती."

या वेळी कोणी हूं म्हणालं नाही. शिवबाई म्हणाल्या, हळूच.

चेतनाला हॉलमध्ये एकदम फार उकडायला लागलं. कूलर बंद होता, त्यामुळे ते साहजिकच होतं. तिने चार मिनिटांचं धुकं कापून काढलं होतं, पोरगी घाबरू नये म्हणून. तिने पदराने तोंड पुसलं. मग आपण ड्रेस घातलाय हे लक्षात आल्यावर ओढणीने पुसलं.

"मग मेली?" सिद्धेश्वरीने विचारलं. तिला हा मुद्दा निकाली काढायचाच होता.

"नाही मेली. मध्ये एक दगड होता, त्याच्यावर अडकली. एक पाय असा झाला." ओवीने पाय वाकडा करून दाखवला. "आणि खाली लांडगे होते. तीन."

"हूं!"

"नाही, नऊ."

"नऊ!" बसू धन्य झाला. तो सरकत सरकत अगदी तिच्या गुडघ्यापाशी आला होता. सिद्धेश्वरीही. ते एक हाताचं अंतर कधी संपलं ते चेतनाने पाहिलंच नाही. पहिल्यांदाच तिचं लक्ष नव्हतं.

"आणि वर गिधाड. त्याच्या चोचीला रक्त."

"हूं!"

"मग झिम्बू वरून वाकून म्हणाला, आई, तू आता हलू नको हं. पडशील."

"हूं!"

"आणि आई म्हणाली..."

तेवढ्यात वीज आली, आणि मघाशी चेतनाने चाचपडत दाबलेल्या बटणांचे दिवेही लागले. कूलर खोकला, भोंगे गरजले, आणि पडद्यावर पर्वतांच्या रांगांमागे तो सूर्यास्त सुरू झाला ज्याच्यासाठी अनीशने हा चित्रपट निवडला होता. अनीश धापा टाकत आत आला. "आला! आला! हाच तो सीन! बघा, ढगांच्या कडा बघा!"

"बंद करा ओ काका!" मुलं एका आवाजात ओरडली.

"अरे, पण..."

बसूने उठून प्रोजेक्टरसमोर तळहात धरला. सूर्य त्याच्या पंज्यावर मावळला. अनीशचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता. त्याच्यावरही तीनशे माणसं बसवायला हरकत नव्हती.

पण उजेडात ओवीने पुन्हा गुडघे पोटाशी घेतले. तोंड मिटलं. चेतनाला वाटलं, गेलं. मिळालेलं अंधारातच राहिलं. मग ओवीने सिद्धेश्वरीच्या कानाशी तोंड नेलं, बसूने आपलं डोकं मध्ये घातलं, आणि हॉलभर ऐकू जाईल अशा कुजबुजीत ती म्हणाली, "उरलेली उद्या."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता बेल वाजली. दारात पोरांचा घोळका. "काकू, ओवी हाय का?" चेतनाने या वाक्याची थंडीपासून वाट बघितली होती. ते ऐकून ती एवढी गडबडली की "हात धुतलेत का?" असं म्हणाली.

तेव्हापासून रोज पाच वाजता खालच्या पाण्याच्या टाकीपाशी बैठक भरते. शाळा सुरू झाली तरी मोडलेली नाही. आता तिथे ओवी सांगते आणि शिवबाई पायरीवर बसून हूं म्हणतात. नंदूकाकांनी टाकीजवळ बसण्याबाबत अर्ज मागितला होता. तो द्यायला ओवी स्वतः गेली, लांडग्यांचे आवाज काढून आली, आणि काका हल्ली त्या वेळेला टाकीची पातळी तपासायला येतात. पातळी तपासायला अर्धा तास लागतो म्हणे. हॉलची एक चादर मात्र अजून ग्रिललाच आहे. गाठ कोणालाच सुटत नाही. अंधार वेळेत काढून न घेतल्याबद्दल चेतनाला पत्र आलं आहे.

म्हणजे सगळं छान झालं. एक मागितली होती, अकरा आली. भांडणं होतात, पण गिधाडावरून.

फक्त एक गोष्ट आहे. ओवीने ती शेळी अजून वर काढलेली नाही.

बिचारी त्या दगडावरच आहे. पाय तसाच. चेतना एकदा मुलांत जाऊन बसली होती, अगदी कडेला. गिधाडाने झेप घेतली तेव्हा तिच्या तोंडून "अगं हळू!" असं निघून गेलं. गोष्ट थांबली. बसू म्हणाला, "काकू, तुमी हूं म्हणत न्हाय. तुमी मधेच बोलता." ठराव झाला, आणि एकमताने चेतना बाहेर. घरी ओवीला विचारलं तर ती म्हणते, "सांगितलं तर तू घाबरशील." शिवबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "मी काय सांगू? लेकीला इचार की."

आता पाच वाजले की चेतना गॅलरीत ग्रिलशी उभी असते. तिथून शब्द कळत नाहीत, मुलांचा हुंकार तेवढा येतो. तो आला की तीही म्हणते. हळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं.

म्हणून तिचं तुमच्यापाशी एक मागणं आहे. कधी संध्याकाळी आमच्या बाजूला आलात तर टाकीपाशी दोन मिनिटं थांबा. मध्ये बोलू नका, नुसतं हूं म्हणा, बसू तुम्हाला बसू देईल. आणि तेवढं बघून या: ती दगडावरची शेळी आहे ना अजून? पाय कसा आहे तिचा? तिला कोणी काही खायला दिलंय का? वर येऊन सांगायची गरज नाही. चेतना गॅलरीतच असेल. खालून नुसती मान हलवलीत तरी तिला कळेल.